काँग्रेसचे ह्यूम, पाखरांचे ह्यूम

शालेय इतिहासाच्या पुस्तकात ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव बहुधा एका वाक्यापुरते येते. १८८५ साली मुंबईत भारतीय राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना झाली आणि निवृत्त सनदी अधिकारी ह्यूम यांनी तीत पुढाकार घेतला, एवढे पाठ करून विद्यार्थी पुढच्या धड्याकडे वळतो. पक्षिनिरीक्षकांच्या वर्तुळात मात्र हे नाव निराळ्याच संदर्भात घेतले जाते. दर हिवाळ्यात हिमालयातून खाली उतरणारा, चिमणीहूनही लहान असा एक कीटकभक्षी पक्षी ह्यूमचा पर्णवटवट्या म्हणून ओळखला जातो. काँग्रेसचे ह्यूम आणि पाखरांचे ह्यूम एकच, हे अनेकांना ठाऊक नसते. या दोन ह्यूमांची कहाणी सिमल्यात झालेल्या एका क्षुल्लक चोरीपाशी येऊन एकमेकांत गुंतते, हे तर फारच थोड्यांना.

आधी त्या पक्ष्याविषयी. हा वटवट्या जेमतेम दहा-अकरा सेंटिमीटर लांबीचा. वजन इतके कमी की, दोन-तीन वटवटे मिळूनही एका चिमणीची बरोबरी होणार नाही. पाठ करडी झाक असलेली हिरवट, पोट मळकट पांढरे, डोळ्यावर लांबलचक फिकट भुवई आणि पंखावर दोन आडव्या पट्ट्या. त्यांतील खालची ठळक, वरची पुसट. चोच आणि पाय काळपट. रूपाने नजरेत भरावे असे त्याच्यापाशी काही नाही. तो लक्षात येतो तो त्याच्या चंचलपणामुळे. एका फांदीवर क्षणभरही न विसावता पानापानांतून अळ्या, मावा, लहान माश्या आणि कोळी टिपत त्याची सतत ये-जा चालू असते. मध्येच पानाच्या खालच्या बाजूचा किडा टिपण्यासाठी तो पंख फडफडवत हवेतल्या हवेत तरंगतो. हिवाळ्यात इतर छोट्या पक्ष्यांच्या मिश्र थव्यातही तो दिसतो, आणि दोन तुटक स्वरांची त्याची साद ऐकू येत राहते.

त्याचे खरे घर मात्र उंचावर आहे. अल्ताई आणि तिएन शान पर्वतांपासून हिंदुकुश आणि पश्चिम हिमालयापर्यंतची सूचिपर्णी व भूर्ज वृक्षांची वने हा त्याचा विणीचा प्रदेश. बर्फ वितळू लागले की नर तेथे पोहोचतात आणि आपापली हद्द राखत गाऊ लागतात. गाणे म्हणावे तर त्यात गोडवा फारसा नाही. घसरत जाणारा, नाकातून काढल्यासारखा तो एक लांब गुणगुणाट असतो. घरटे झाडावर नसते. उताराच्या जमिनीवर गवतात किंवा मुळांच्या आडोशाला सुके गवत आणि शेवाळ वापरून घुमटाकार घरटे बांधले जाते आणि त्याचे दार एका बाजूला असते. आत साधारण चार-पाच पांढरी अंडी, त्यांवर तांबूस ठिपके. पानांच्या छतात वावरणाऱ्या पक्ष्याने पिलांसाठी जमीन निवडावी, याचे नवल वाटते खरे, परंतु पर्णवटवट्यांच्या अनेक जातींची हीच रीत आहे.

या पक्ष्याला ह्यूम यांचे नाव दिले ते विल्यम एडविन ब्रूक्स या गृहस्थांनी, १८७८ साली. ब्रूक्स हे ईस्ट इंडियन रेल्वेत अभियंता होते आणि इटाव्याला असताना ह्यूम यांच्याशी त्यांची मैत्री जडली. एकमेकांशी हुबेहूब मिळणारे पर्णवटवटे वेगळे ओळखणे हा ब्रूक्स यांचा ध्यास. काश्मीरमध्ये जाऊन त्यांनी या पक्ष्यांच्या विणीचा अभ्यास केला होता. पश्चिम हिमालयातला हा मळकट वटवट्या सैबेरियातून येणाऱ्या पिवळ्या भुवईच्या वटवट्याहून निराळा आहे, असे त्यांचे मत झाले आणि त्यांनी मित्राचे नाव त्याला दिले. मैत्रीची आणखी एक खूण म्हणजे १८६९ साली इटाव्यात जन्मलेल्या आपल्या मुलाचे नावही ब्रूक्स यांनी ॲलन असेच ठेवले. हा ॲलन ब्रूक्स पुढे कॅनडात पक्षिचित्रकार म्हणून नावाजला गेला.

ज्या माणसाचे नाव मुलाला आणि पाखराला द्यावेसे वाटले, त्याचे घराणे हिंदुस्थानशी आधीपासूनच जोडलेले होते. वडील जोसेफ ह्यूम हे ईस्ट इंडिया कंपनीचे शल्यचिकित्सक. १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या वेळी ते कंपनीच्या फौजेबरोबर बुंदेलखंडात होते. पुढे बक्कळ पैसा गाठीला बांधून ते मायदेशी परतले आणि पार्लमेंटात सरकारी उधळपट्टीवर तुटून पडणारे जहाल सदस्य म्हणून गाजले. ॲलन यांचा जन्म ४ जून १८२९चा. हेलीबरीच्या कॉलेजात कंपनीच्या नोकरीचे शिक्षण, लंडनला थोडे वैद्यकाचे शिक्षण, आणि १८४९ साली हिंदुस्थानात आगमन. वडिलांची फटकळ वाणी आणि हिशेबी नजर या दोन्ही गोष्टी मुलाकडे आल्या होत्या. पहिलीमुळे त्यांची नोकरी गेली, दुसरीमुळे पक्षिशास्त्राला फायदा झाला, असे म्हणायला हरकत नाही.

आजच्या उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात ह्यूम यांनी कारकिर्दीतील महत्त्वाची वर्षे घालवली. तेथे त्यांनी मोफत प्राथमिक शाळांचे जाळे उभारले. जानेवारी १८५७पर्यंत शाळांची संख्या १८१ आणि विद्यार्थ्यांची ५,१८६ झाली होती. त्यांत मुली फक्त दोन होत्या, पण नोंद तीही आहे. त्याच वर्षी उठाव झाला. ह्यूम यांना कुटुंबासह आग्र्याच्या किल्ल्यात आश्रय घ्यावा लागला आणि सुमारे सहा महिन्यांनी ते परतले. तोवर जमवलेला पक्ष्यांचा पहिला संग्रह या धामधुमीत नष्ट झाला. पुढे त्यांनी स्थानिक लोकांची फौज उभारून उठाव मोडून काढण्यात भाग घेतला, हे विसरता येत नाही. काँग्रेसचा हा संस्थापक साम्राज्याचा बंडखोर नव्हता, चाकर होता. मात्र गोंधळ शमल्यावर १८५९ साली त्याच इटाव्यात 'लोकमित्र' नावाचे पत्र काढण्यासही त्यांनी हातभार लावला.

१८६७ साली त्यांच्याकडे आंतरदेशीय जकात खाते आले. मिठावरचा कर चुकवून कोणी मीठ आणू नये, म्हणून सरकारने सिंधू नदीपासून महानदीपर्यंत सुमारे २,३०० मैलांची जकात रेषा आखली होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झाडांचे जिवंत कुंपण वाढवले होते. जवळपास १२ हजार माणसे तिच्यावर पहारा करीत. हे कुंपण दाट करण्याचे काम ह्यूम यांनी आस्थेने केले. गरिबाच्या भाकरीवरचे मीठ अडवणारी ही व्यवस्था कोणत्याही मापाने अन्यायाचीच होती. परंतु या नोकरीने ह्यूम यांना जंगल-माळरानातून महिनोन्‌महिने भटकण्याची संधी दिली आणि त्यांच्या पक्षिसंग्रहाने पुन्हा जोम धरला.

१८७१मध्ये लॉर्ड मेयो यांच्या कारकिर्दीत शेती, महसूल आणि व्यापार यांसाठी नवे खाते निघाले. ह्यूम त्याचे सचिव झाले आणि सिमल्याला स्थिरावले. जाखू टेकडीवरच्या रॉथनी कॅसल या घरात त्यांनी पक्ष्यांचे संग्रहालय थाटले. पुढची दहा-अकरा वर्षे हिंदुस्थानातील पक्षिशास्त्राचे केंद्र कोणत्याही विद्यापीठात वा सरकारी संस्थेत नव्हते, ते या घरात होते. सिंध, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप, मणिपूर अशा मोहिमा त्यांनी काढल्या. विल्यम डेव्हिसन यांच्यासारखा कसलेला संग्राहक पदरी ठेवला. १८७२ साली 'स्ट्रे फेदर्स', म्हणजे विखुरलेली पिसे, या नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यात लिहिणारे कोण होते? कलेक्टर, न्यायाधीश, वनाधिकारी, लष्करातले कप्तान, रेल्वेतले अभियंते, मिशनरी. बहुतेक सारे हौशी. त्यांनी काय टिपायचे, नमुना कसा राखायचा, चिठ्ठीवर तारीख आणि ठिकाण कसे लिहायचे हे शिकवण्यासाठी १८७४ साली ह्यूम यांनी एक छोटी मार्गदर्शिकाही काढली.

महाराष्ट्राच्या वाचकाने 'स्ट्रे फेदर्स'चे जुने अंक जरूर चाळावेत. अहमदनगरच्या परिसरात काम करणारे अमेरिकन मिशनरी फेअरबँक यांची खंडाळा, महाबळेश्वर, बेळगाव आणि नगर भागातील पक्ष्यांची यादी १८७६च्या खंडात आहे. दख्खनच्या पक्ष्यांची डेव्हिडसन आणि वेंडेन यांची यादी आहे. मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी व्हिडाल यांची दक्षिण कोकणातील पक्ष्यांची पहिली यादी १८८०ची, आणि ती तर जवळजवळ शंभर पानांची. आपल्याकडे दीडशे वर्षांपूर्वी कोणता पक्षी कुठे दिसत होता, हे आज सांगता येते ते बऱ्याच अंशी या यादीकारांमुळे.

या नोंदींचे मोल किती, हे रानपिंगळ्याच्या उदाहरणावरून समजते. आजच्या छत्तीसगडमधून आलेल्या एका नमुन्यावरून १८७३ साली ह्यूम यांनी या घुबडाचे शास्त्रीय वर्णन केले. डेव्हिडसन यांना तो खानदेशात शहाद्याच्या बाजूला मिळाला. एकोणिसाव्या शतकात मिळालेले त्याचे नमुने जेमतेम सात, त्यांतला शेवटचा १८८४चा. त्यानंतर पक्षी जणू नाहीसाच झाला. विसाव्या शतकात रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश संग्राहकाने डेव्हिडसन यांचा एक नमुना चोरून, त्यावर गुजरातेतले खोटे ठिकाण आणि १९१४ची तारीख लिहून, शोध घेणाऱ्यांना भलत्याच वाटेला लावले. ती लबाडी उघड झाल्यावर अमेरिकन संशोधक जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरच्या गावांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा पुन्हा दिसला. ह्यूम चिठ्ठीवर इतका जीव का टाकत, याचे उत्तर ११३ वर्षांनी सातपुड्याच्या पायथ्याशी मिळाले.

सिमल्यातील या सुखाच्या दिवसांना १८७९मध्ये ग्रहण लागले. शेतीची दुरवस्था, महसुलाचा बोजा यांविषयी ह्यूम स्पष्ट बोलत आणि लिहीत. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या राजवटीला ते मानवले नाही. त्यांना सचिवपदावरून दूर करून अलाहाबादच्या महसूल मंडळावर धाडण्यात आले. ब्रूक्स यांनी वटवट्याला त्यांचे नाव दिले त्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. १८८१ साली मणिपूरची मोहीम झाली. तेथे मिळालेल्या देखण्या फेजंटला त्यांनी पत्नी मेरी यांचे नाव दिले. १८८२मध्ये ते निवृत्त झाले. आता आयुष्यभर योजलेला ग्रंथ हाती घ्यायचा, हिंदुस्थानातील यच्चयावत पक्ष्यांचा साद्यंत वृत्तांत लिहायचा, असा त्यांचा बेत होता.

तो बेत रद्दीच्या भावाने विकला गेला. ह्यूम सिमल्याबाहेर असताना एका नोकराने संग्रहालय फोडून हस्तलिखितांचे गठ्ठे लांबवले आणि बाजारात रद्दी म्हणून घातले. कागद मणांच्या हिशेबात होते. त्यांत सुमारे ७०० जातींची जवळपास पूर्ण लिहून झालेली जीवनवृत्ते होती. चोरी अनेक महिने कोणाच्या लक्षातच आली नाही. आली तेव्हा कागद पुड्या बांधण्यात संपले होते म्हणायचे, थोडे तुकडे काय ते परत मिळाले. या चोरीतला एक तपशील विलक्षण आहे. चोराने नेले ते मोठे फुलस्केप कागद, कारण रद्दीत किंमत त्यांनाच. लहान चिटोऱ्यांवरची टिपणे त्याने जागीच सोडली. म्हणजे विचार करून, जुळवून, सुवाच्य अक्षरात लिहिलेले सारे गेले आणि कच्ची टिपणे तेवढी मागे राहिली. त्या नोकराचे नाव, त्याचा पगार, त्याच्यावर कोणती वेळ आली होती, यातले काहीही या कहाणीत येत नाही. मिठाच्या कुंपणाचा हिशेब ठेवणाऱ्या साहेबाच्या घरातल्या माणसाला कागदाचे काय मोल वाटले असेल, याचा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ह्यूम यांचे मन पक्षिशास्त्रातून उडाले ते यानंतर. त्याला आणखीही कारणे होती. मादाम ब्लाव्हाट्‌स्की यांच्या सहवासात ते थिऑसफीकडे ओढले गेले होते. ब्लाव्हाट्‌स्कींशी पुढे बिनसले, पण शाकाहार टिकला आणि जीवहत्येचा तिटकाराही. हजारो पक्षी बंदुकीने टिपून जमवणाऱ्या माणसाला आता गोळी झाडणे पाप वाटू लागले. अशातच अतिवृष्टीने सिमल्यात दरड कोसळली आणि संग्रहालयाला तडाखा बसला. संग्रह स्वीकारावा म्हणून ह्यूम यांनी ब्रिटिश म्युझियमकडे विचारणा केली, सोबत आपल्या अटीही कळवल्या. त्या अटींवर घोळ सुरू असताना सुमारे २० हजार नमुन्यांचा नाश झाला. मग कोठे म्युझियमला जाग आली आणि १८८५मध्ये रिचर्ड बाउडलर शार्प हे पक्षितज्ज्ञ सिमल्यात दाखल झाले.

शार्प यांच्यापुढे सुमारे ८२ हजार नमुने होते. देवदाराच्या लाकडाच्या ४७ पेट्या जागेवरच बनवण्यात आल्या. खिळ्यांनी नमुन्यांना इजा होईल म्हणून पेट्यांना खिळे वापरले नाहीत. अर्ध्या-अर्ध्या टनाच्या त्या पेट्या डोंगर उतरून बैलगाडीने कालक्याला आणि तेथून मुंबई बंदरात आल्या. १८८५मध्ये मुंबईच्या धक्क्यावरून एका माणसाची पंचवीस वर्षे जहाजात चढवली गेली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तोच माणूस दुसऱ्या कामासाठी त्याच शहरात उतरला.

चोरी झाली म्हणून ह्यूम राजकारणात आले, असे म्हणणे मात्र सोपेपणाचे ठरेल. मार्च १८८३मध्येच त्यांनी कलकत्ता विद्यापीठाच्या पदवीधरांना पत्र लिहून देशासाठी झटणारे पन्नास जण पुढे यावेत, असे आवाहन केले होते. चोरीने एवढेच केले की, मागे ओढणारा पाश तुटला. काँग्रेस म्हणजे असंतोषाची वाफ सोडण्यासाठी ह्यूम यांनी बसवलेली झडप, ही उपपत्तीही बरीच वर्षे चर्चेत राहिली. तिच्या पुराव्यावर इतिहासकारांनी नंतर गंभीर शंका घेतल्या आहेत. प्रस्तुत लेखकाला त्याहून लक्षणीय वाटते ते कामाच्या पद्धतीतील साम्य. देशभर विखुरलेल्या, एकमेकांना न पाहिलेल्या माणसांशी पत्रव्यवहार करायचा, त्यांना एका शिस्तीत बांधायचे, त्यांचे लेखन छापायचे आणि स्वतः चिटणीस म्हणून राबायचे, ही तालीम ह्यूम यांना 'स्ट्रे फेदर्स'ने दिली होती.

पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते. तेथे पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईला गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत हलवण्यात आले. २८ डिसेंबर १८८५ रोजी ७२ प्रतिनिधी जमले. अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी होते आणि पडद्याआडची बहुतेक धावपळ ह्यूम यांची. पुढे कित्येक वर्षे ते काँग्रेसचे सरचिटणीस राहिले. १८९० साली मेरी ह्यूम यांचे निधन झाले आणि १८९४मध्ये त्यांनी हिंदुस्थान सोडला.

पक्ष्यांविषयीचे त्यांचे उरलेसुरले साहित्य युजीन ओट्स यांनी हाती घेतले. हिंदुस्थानी पक्ष्यांची घरटी आणि अंडी या विषयावरील ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांच्या संपादनाखाली १८८९-९०मध्ये निघाली. पर्णवटवट्यांची घरटी शोधत काश्मीरच्या उतारांवर हिंडणाऱ्या ब्रूक्स यांच्यासारख्यांची निरीक्षणे त्यात आहेत. ह्यूम यांनी एकट्याने लिहून ठेवलेले बुडाले आणि जे इतरांच्या हाती छापून गेले होते ते वाचले, असा हा हिशेब आहे.

वटवट्याचे प्रकरण मात्र ह्यूम यांच्या हयातीत मिटले नाही. ब्रूक्स यांचे मत पुढच्या पक्षितज्ज्ञांना पुरेसे पटले नाही आणि विसाव्या शतकाचा बराचसा काळ हा पक्षी पिवळ्या भुवईच्या वटवट्याची केवळ उपजात म्हणून गणला गेला. कपाटातले नमुने शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तर फरक खरोखरच थोडा. निकाल लागला तो विसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही जिवंत पक्ष्याच्या आवाजावरून. दोघांची गाणी वेगळी. एकाचे ध्वनिमुद्रित गाणे दुसऱ्याला ऐकवले तर तो ते आपल्या जातीचे मानून चवताळून येत नाही. आनुवंशिक तपासणीनेही तेच सांगितले आणि ह्यूमचा पर्णवटवट्या स्वतंत्र जात म्हणून मान्य झाला.

इंग्लंडला परतल्यावर ह्यूम यांनी नवा छंद जोडला. आता बंदूक नव्हती, वनस्पती होत्या. उतारवयात ते रानफुले गोळा करीत, वाळवून कागदावर लावीत आणि पूर्वीच्याच काटेकोरपणाने प्रत्येकाखाली ठिकाण व तारीख लिहीत. १९१० साली दक्षिण लंडनमध्ये त्यांनी सर्वसामान्यांसाठी वनस्पतिशास्त्राची एक संस्था स्थापन केली. ती आजही चालू आहे. ३१ जुलै १९१२ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. बातमी इटाव्याला पोहोचली तेव्हा तेथील बाजार बंद ठेवण्यात आला.